क्लेरिकलमधले गायकवाड

कुंडलिक गायकवाड जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या मुलाने, पृथ्वीराजने, पुण्याहून दाराची पाटी करून पाठवली. पाटी पितळेची होती आणि इंग्रजीत होती. वर ‘के. बी. गायकवाड’ आणि त्याखाली ‘क्लेरिकल सर्व्हिसेस, रिटायर्ड’.

“सरळ क्लार्क का नाही लिहिलंस?” त्यांनी फोनवर विचारलं.

“क्लार्क म्हटलं की माणूस दिसतो, बाबा. क्लेरिकल म्हटलं की डिपार्टमेंट दिसतं.”

कुंडलिकरावांना हे पटलं. जुळे सोलापुरातल्या त्या इमारतीत एका दारावर डॉक्टर होता, एका दारावर वकील होता. आता तिसऱ्या मजल्यावरही काहीतरी झालं.

त्यांच्या पत्नी सारजाबाईंनी पाटीवरून पदर फिरवला आणि विचारलं, “काय लिवलंय?”

“क्लेरिकल.”

“म्हंजी?”

“लिखापढीचं काम.”

“मग तसं लिवायचं की.”

निवृत्तीनंतर कुंडलिकरावांना एकाच गोष्टीची सवय होत नव्हती. पूर्वी टेबलासमोर माणसं उभी असायची. ‘गायकवाडसाहेब, आमचं तेवढं बघा की,’ म्हणायची. आता कुणी काही बघायला सांगत नव्हतं. सकाळी पेपर वाचून झाला की ते गॅलरीत उभे राहायचे आणि खालच्या रिक्षा बघायचे. रिक्षांनाही त्यांची गरज नव्हती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर एक मुलगी उभी होती. कुंडलिकरावांनी बनियनवर घाईने शर्ट चढवला. तिने आधी पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“सॉरी अंकल. मी उत्कर्षा. खाली सेकंड फ्लोअरला रणपिसे आहेत ना, त्यांची नात. कॅनडाहून आलेय. तुम्ही क्लेरिकल आहात?”

हा प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच इतक्या आदराने विचारला गेला होता.

“हो,” ते म्हणाले. “सगळी सर्व्हिस त्यातच झाली.”

“ओह, सर्व्हिस,” तिने मान हलवली. चर्चमधल्या उपासनेलाही इंग्रजीत सर्व्हिस म्हणतात आणि धर्मगुरूच्या कामालाही क्लेरिकलच म्हणतात, हे कुंडलिकरावांना माहीत नव्हतं. उलट उत्कर्षाला क्लेरिकलचा तो एकच अर्थ आधी सुचला होता, कारण आजीला धर्मगुरू हवा, असं तिने आधीच ठरवलं होतं. गायकवाड आडनावाचं एक कुटुंब तिच्या वडिलांच्या ओळखीत होतं आणि ते ख्रिस्ती होतं.

“कुठली पॅरिश?” तिने विचारलं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. तिचा उच्चार कॅनडाचा होता.

“परिषद? जिल्हा परिषद.”

तिला ‘जिल्हा पॅरिश’ असं ऐकू आलं. ती जरा अदबीने उभी राहिली.

“मग तुम्ही डेथच्या वेळी वगैरे... म्हणजे फॅमिलीशी बोलायला जायचात?”

“तेच काम जास्त. जन्म केला, लग्नं केली, पण मृत्यूचं प्रकरण नाजूक असतं. घरच्यांना आधी पाणी द्यायचं, बसवायचं, मग बोलायचं.”

उत्कर्षाचे डोळे भरून आले. “तुम्ही प्लीज आजीला भेटाल? तिचं हार्ट खूप वीक झालंय. ती चर्चच्या कुणालाच आत येऊ देत नाही. आणि मला आता परत जायचंय.”

कुंडलिकरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारी पेन्शनर बाई, अंथरुणाला खिळलेली, नात परदेशी निघालेली. हयातीचा दाखला. नोव्हेंबरमध्ये तो दिला नाही तर पेन्शन अडकतं.

“तू काही काळजी करू नकोस,” ते म्हणाले. “नोव्हेंबर संपायच्या आत आपण त्यांचं सगळं उरकून टाकू.”

उत्कर्षाचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण असं स्पष्ट बोलणं हा अनुभवाचा भाग असेल, असं तिला वाटलं.

तासाभराने कुंडलिकराव इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेले. खिशात दोन पेनं होती आणि हातातल्या पिशवीत अंगठ्याच्या ठशासाठी शाईचं पॅड. दार महादेवीने उघडलं. अक्कलकोटकडची ही बाई रणपिसेबाईंकडे राहायला होती आणि त्यांचं सगळं तीच करायची. तिने पिशवीकडे संशयाने पाहिलं आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं.

मार्था रणपिसे उशांना टेकून बसल्या होत्या. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. केस पांढरे, स्वेटरची सगळी बटणं लावलेली, नाकाशी ऑक्सिजनची नळी. नळी असूनही त्या वर्गावर आल्यासारख्या दिसत होत्या.

“आजी, हे गायकवाड अंकल. क्लेरिकल आहेत,” उत्कर्षाने सांगितलं आणि दोघांना एकांत मिळावा म्हणून दार ओढून घेतलं.

बाईंनी कुंडलिकरावांना वरपासून खालपर्यंत तपासलं. मग विचारलं, “तुमची मंडळी कुठली?”

कुंडलिकरावांकडे बायकोला मंडळी म्हणण्याची रीत होती. “करकंबची,” ते म्हणाले. “सारजाबाई. आत्ता भाकरी करतेय.”

बाईंनी नाकाशी नळी सारखी केली.

“आम्ही चर्चला मंडळी म्हणतो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कुठल्या चर्चचे, असं विचारलं मी.”

“चर्चमध्ये आमच्याकडचं कुणीच नाही.”

“मग आलात कशाला?”

“हयातीच्या दाखल्याला,” कुंडलिकराव म्हणाले आणि त्यांनी पॅड बाहेर काढलं.

बाईंनी डोळे मिटले. त्यांचे खांदे थरथरू लागले, तोंडातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. कुंडलिकराव उठून “महादेवी, महादेवी” म्हणून ओरडले. महादेवी धावत आली, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, “काय न्हाई झालं. हसायलेत त्या.” मग दाराशीच उभी राहून तीही बघत राहिली, कारण ती तिथे आल्यापासून बाई हसल्या नव्हत्या.

दम परत आल्यावर बाईंनी त्यांना पाटीबद्दल विचारलं, सर्व्हिसबद्दल विचारलं, आणि काय घडलं ते त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी ते कुंडलिकरावांच्या लक्षात आणून दिलं. आपल्याला इथे पाद्री म्हणून आणलंय हे कळल्यावर कुंडलिकरावांनी पॅड पिशवीत घातलं.

“असा कसा हो शब्द केला इंग्रजांनी?” ते म्हणाले. “टेबलावरच्या माणसाला आणि देवळातल्या माणसाला एकच?”

“माणूस एकच होता,” बाई म्हणाल्या. “पूर्वी त्यांच्याकडे लिहितावाचता यायचं ते धर्मगुरूंना. राजाला चार ओळी लिहून हव्या असल्या तरी धर्मगुरूच बोलवायचा. पुढे लिहिणारा वेगळा झाला, प्रार्थना करणारा वेगळा झाला. घरं वेगळी झाली, पण हा शब्द समाईक राहिला.”

“म्हणजे सातबाऱ्यावर दोघांचीही नावं.”

“आणि वाटणीपत्र झालेलं नाही,” बाई म्हणाल्या. हा विद्यार्थी त्यांना बरा वाटला. “आता ऐका. उत्कर्षाला यातलं काही सांगू नका. रोज येऊन अर्धा तास बसा.”

“बाई, हे खोटं होईल.”

“कुणी खोटं बोललंय? तुम्ही क्लेरिकल आहात. दारावर लिहिलंय. तिने दुसरा अर्थ घेतला ही तिची चूक. ती रोज माझ्यामागे लागलीय, चर्चच्या पाळकांना, पाद्रींना, बोलावते म्हणून. मला ते पाळक नकोत. तुम्ही आलात तर पोरगी निवांत जाईल.”

कुंडलिकरावांनी उभ्या नोकरीत खोट्या कागदावर सही केली नव्हती. पण इथे कागदच नव्हता.

त्यांनी घरी जेवताना सारजाबाईंना सांगितलं.

“तुमी पाद्री कवा झाला?” त्या म्हणाल्या.

“झालो नाही. समजलो गेलो.”

“मग तितं काय करायचं?”

“बसायचं.”

“तेवडं जमंल तुमाला,” सारजाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी बाईंसाठी शेंगाचटणी बांधून दिली. आजारी माणसाला तिखट चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण रिकाम्या हाताने पाद्री पाठवणं त्यांना बरोबर वाटलं नाही.

कुंडलिकराव रोज दुपारी जाऊ लागले. उत्कर्षा दार ओढून घ्यायची आणि बाहेर आवाज न करता बसायची. आत कुंडलिकराव अकलूजला असतानाच्या गोष्टी सांगायचे. पंचायत समितीच्या गच्चीवर माकडांनी हजेरीपट फाडला होता ती. एक शिपाई साहेबांच्या गाडीत झोपून थेट पुण्याला पोचला होता ती. बाई मध्येच त्यांचं इंग्रजी दुरुस्त करायच्या. कधी दोघं नुसतेच बसायचे आणि ऑक्सिजनचं मशीन घरघरायचं.

एके दिवशी बाईंनी विचारलं, “गायकवाड, मृत्यूची इतकी प्रकरणं पाहिलीत. माणसांचं काय राहून जातं?”

कुंडलिकरावांनी जरा विचार केला. “विचारायचं राहून जातं,” ते म्हणाले. “कर्मचारी गेला की त्याची बायको यायची. मी विचारायचो, यांची जन्मतारीख सांगा. ती माझ्याकडेच बघायची. चाळीस वर्षं संसार केलेला असायचा. मग मी बघून सांगायचो, की बाई, तुमचे मालक श्रावणात जन्मले. तिथे बऱ्याच जणी रडायच्या. मयताचं बोलताना नाही रडायच्या, तिथे रडायच्या.”

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी, एकोणतीस फेब्रुवारी. लिहू नका. लक्षात ठेवा.”

त्या आठवड्यात उत्कर्षाने कुंडलिकरावांना जिन्यात गाठलं. “अंकल, रविवारी दुपारी मी निघतेय. निघायच्या आधी तुम्ही आजीसाठी प्रेयर कराल? मला ऐकायचीय. मग मी जाऊ शकेन.”

“बघतो,” कुंडलिकराव म्हणाले. कचेरीत याचा अर्थ ‘नाही’ असा होता. उत्कर्षाला तो माहीत नव्हता. तिने त्यांचे हात हातात घेतले आणि थँक्यू म्हणाली.

कुंडलिकराव दोन रात्री नीट झोपले नाहीत. शनिवारी सकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि बाईंच्या चर्चमध्ये गेले. दगडी इमारतीच्या मागे एक लहान खोली होती. तिथे पाळकसाहेब बसले होते. रेव्हरंड अमरेश, वय चाळिशीच्या आतबाहेर. ते कॉम्प्युटरवर एक कागद चढवत होते आणि कॉम्प्युटर तो घेत नव्हता. टेबलावर विश्वस्तांच्या बदलाचे अर्ज होते, घरपट्टी होती, हॉलच्या वायरिंगचे कागद होते. कुंडलिकरावांना खोलीत शिरताच घरी आल्यासारखं वाटलं.

“हॉल पुढच्या महिन्यापर्यंत बुक आहे,” पाळकसाहेब मान वर न करता म्हणाले.

“हॉल नको. प्रार्थना कशी करतात ते विचारायचं होतं.”

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. “बसा,” ते म्हणाले. “फार दिवसांनी कुणी विचारलं. मी धर्मशिक्षण घेतलं तेव्हा वाटलं होतं, माणसं हेच विचारायला येतील. येतात ती दाखला मागायला. दिवसभर कारकुनी करतो मी.”

कुंडलिकरावांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. रणपिसेबाईंचं नाव येताच पाळकसाहेबांचा चेहरा बदलला.

“तुम्हाला आत घेतलं त्यांनी?” ते म्हणाले. “मला दारातून परत पाठवलं. दोनदा.”

मग त्यांनी आपली बाजू सांगितली. ते सोलापूरला नवीन आले होते, तेव्हाची गोष्ट. उपदेश करताना ते म्हणाले, ‘संकटात देवाने माझी मदत केली.’ तर रणपिसेबाई भर उपासनेत उभ्या राहिल्या. ‘पाळकसाहेब, मराठीत देव माझी मदत करत नाही. देव मला मदत करतो.’ सगळे हसले. पाळकसाहेबांना राग आला आणि तेही बोलून गेले, ‘काहीजण इथे उपासनेला येतात, काहीजण वह्या तपासायला.’ बाईंनी छत्री उचलली आणि गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

“माझ्या घरची भाषा कन्नड,” पाळकसाहेब म्हणाले. “आई अजून मराठी बोलत नाही. मी मराठी मोठेपणी शिकलो, उपदेशासाठी. आठवडाभर एकेक वाक्य पाठ करायचो. आणि पहिल्याच महिन्यात लोक हसले.”

“हे बाईंना माहीत आहे?”

“कसं सांगणार? दारातून?”

बाहेर कुणीतरी हॉलची किल्ली मागायला आलं. ती देऊन पाळकसाहेब परत बसले. “उद्याचं म्हणाल तर, त्या मुलीला खरं सांगा. प्रार्थनेला पाळकच लागतो असं नाही. जे मनात आहे ते ज्याला सांगायचं त्याला सांगायचं, बस.”

“नमुना काही?”

“नमुना नाही,” पाळकसाहेब म्हणाले. कुंडलिकरावांना हे सगळ्यात अवघड वाटलं.

उठता उठता त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. कागदाचा आकार मोठा होता म्हणून तो चढत नव्हता. कुंडलिकरावांनाही तो लहान करता आला नाही. दोघांनी मिळून थोडा वेळ प्रयत्न केला आणि सोडून दिला.

रविवारी खाली गाडी उभी होती, बॅगा दारात होत्या. उत्कर्षा आजीच्या पलंगाशी बसली होती. महादेवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कुंडलिकराव आत आले, बसले नाहीत.

“बाळ,” ते म्हणाले, “मी पाद्री नाही. मी जिल्हा परिषदेत क्लार्क होतो. त्या दिवशी मला वाटलं तुला पेन्शनचं काम आहे.”

“गायकवाड,” बाई म्हणाल्या.

“नाही बाई. ती एवढ्या लांब जातेय. खोट्यावर जायला नको.”

उत्कर्षाने आजीकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या पाच मिनिटांत,” बाई म्हणाल्या.

“मग इतके दिवस तुम्ही आत काय करत होता?”

“माकडांच्या गोष्टी,” कुंडलिकराव म्हणाले.

उत्कर्षा उठून खिडकीशी गेली. तिची पाठ त्यांच्याकडे होती. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला काहीच नीट करता येत नव्हतं. ड्रायव्हरने खालून हॉर्न वाजवला.

“मी डॅडला काय सांगू?” ती म्हणाली. “मी तिला अशीच सोडून चाललेय. कुणी एक शब्दसुद्धा...” मग ती वळली. “तुम्हीच म्हणा काहीतरी. प्लीज. कसंही म्हणा.”

कुंडलिकरावांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि नमुना नसल्यामुळे जो एक येत होता तोच धरला.

“माननीय देवा,” ते म्हणाले. “विषय, श्रीमती मार्था रणपिसे यांच्याबाबत. वरील विषयी नम्रपणे विनंती करण्यात येते की, सदर बाई या सेवानिवृत्त शिक्षिका असून त्यांच्या सेवेत खंड नाही. सध्या त्यांना श्वास घेताना त्रास होतो. तो कमी करण्याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी. त्यांची नात उत्कर्षा आज परदेशी जात आहे. तिने बाईंची सेवा मनापासून केल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. तरी तिला आपण आजीला सोडून गेलो असं वाटू नये. वाटलं तर ते फार काळ राहू नये.”

इथे ते थांबले. पुढचं त्यांना येत नव्हतं. मशीन घरघरत होतं.

“आणि वेळ येईल तेव्हा,” ते हळू म्हणाले, “बाईंना एकटं ठेवू नये. आपल्याकडे कामाचा व्याप मोठा आहे, याची जाणीव आहे. तरी सहानुभूतीने विचार व्हावा, ही विनंती. आपला विश्वासू, कुंडलिक भीमराव गायकवाड.”

“आमेन,” बाई म्हणाल्या.

उत्कर्षा आजीच्या गळ्यात पडली. खाली हॉर्न वाजत राहिला. जाताना ती कुंडलिकरावांच्या पाया पडली. ते तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. जिन्यात सारजाबाईंनी तिच्या हातात शेंगाचटणीची पुडी दिली आणि सांगितलं, “इमानात खाऊ नगं. वास सुटतोय.”

ती गेल्यावरही कुंडलिकराव येत राहिले. आता कुणी दार ओढून घेत नव्हतं. डिसेंबरात बाईंचं बोलणं कमी झालं. पायांवर सूज चढली. एका दुपारी त्यांनी कुंडलिकरावांचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “गायकवाड, मला भीती वाटते.”

कुंडलिकरावांनी दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

“बाई,” ते म्हणाले, “हे आता माझ्या अधिकारात बसत नाही. माझ्याकडून एकदा अर्ज गेला. पुढची सही सक्षम अधिकाऱ्याचीच लागते. पाळकांना बोलवा.”

“तो माणूस मला वह्या तपासणारी म्हणाला.”

“म्हणाले. त्यांची आई मराठी बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे?”

“म्हणजे?”

“त्यांची भाषा कन्नड. मराठी मोठेपणी शिकले. ते वाक्य त्यांनी आठवडाभर पाठ केलं होतं.”

बाईंनी मनगट सोडलं. त्यांनी जन्मभर मुलींना परकी भाषा शिकवली होती. चुकलेल्या मुलीला वर्गात कुणी हसलं, तर हसणारीला त्या बाकावर उभं करायच्या.

“मी बाकावर उभं राहायला पाहिजे होतं,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “बोलवा त्यांना.”

रेव्हरंड अमरेश त्याच संध्याकाळी आले. काळा कोट आणि गळ्याशी पांढरी पट्टी. दारात ते थबकले. पूर्वी इथूनच परत जावं लागलं होतं. महादेवीने दार पूर्ण उघडलं.

“या,” बाई म्हणाल्या. “मला तुमच्याविषयी काही ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं. माझं चुकलं.”

“माझंही,” पाळकसाहेब म्हणाले. “मला बाहेर येऊन तुम्हाला थांबवायला हवं होतं. मी त्या दिवशी तुम्हाला...” ते अडखळले. वाक्याचा शेवट मनात जुळवत होते.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “मराठीत नका बोलू. माझ्यासाठी तुमच्या भाषेत प्रार्थना करा. तुमच्या आईशी बोलता त्या.”

पाळकसाहेबांनी कुंडलिकरावांकडे पाहिलं. मग ते पलंगाशी गुडघ्यावर बसले आणि कन्नडमध्ये बोलू लागले. मराठी बोलताना त्यांचा आवाज ताठ असायचा. आता तो खाली आला, मऊ झाला. मध्ये एकदा हसल्यासारखाही झाला. बाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. कुंडलिकरावांनाही नाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

महादेवीला मात्र सगळं कळत होतं; अक्कलकोटकडे तिच्या घरीही कन्नडच बोलायचे. ती हातात उलथनं घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

प्रार्थना संपल्यावर बाईंनी डोळे उघडले. “महादेवी, काय म्हणाले ते?”

महादेवीने पदराने डोळे पुसले. “चांगलं बोलले,” ती म्हणाली. “बाईला लई झोप लागू दे म्हणले. उठल्यावर कुणीतरी ओळखीचं समोर असू दे म्हणले. आणि मधी एक तुमचं चेष्टेचं बोलले, ते मी सांगत न्हाई.”

बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

नाताळच्या आधी त्या गेल्या, सकाळी, महादेवी त्यांचे केस विंचरत असताना. मुलगा जयंत कॅनडाहून पोचला. उत्कर्षाला सुट्टी मिळाली नाही, ती फोनवर होती. दफनाला चर्चमधले बरेच लोक आले होते, बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. सारजाबाई डोक्यावर पदर घेऊन शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. बाकीच्यांनी मूठभर माती टाकली, तशी त्यांनीही टाकली.

“अंकल, आम्ही तुमचे थँक्स कसे मानायचे?” उत्कर्षाने फोनवर विचारलं.

“कशाबद्दल?” कुंडलिकराव म्हणाले.

“माकडांच्या गोष्टींबद्दल,” ती म्हणाली.

जानेवारीत एका सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. सरकारी दवाखान्यात एक म्हातारा होता. अकलूजकडच्या साखर कारखान्यात बॉयलरवर काम केलेला. त्याचं कुणी नव्हतं. तो ख्रिस्तीही नव्हता, पण नर्सने पाळकसाहेबांना कळवलं होतं आणि त्यांना बाहेरगावी बैठकीला जायचं होतं.

“मी काय करणार?” कुंडलिकराव म्हणाले. “मी पाद्री नाही.”

“तो कुठे तुम्हाला विचारतोय? बसून या.”

कुंडलिकराव स्कूटरवरून गेले. वॉर्डात म्हातारा भिंतीकडच्या खाटेवर होता. हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या. कुंडलिकरावांनी स्टूल ओढलं. म्हाताऱ्याने एक डोळा उघडला.

“तुमी डॉक्टर का?”

“न्हाई.”

“पोलीस?”

“न्हाई.”

“कारखान्याकडनं आलाय?”

“न्हाई. असाच आलोय.”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पाय जरा आत ओढून खाटेवर जागा केली.

“मग हितं बसा की,” तो म्हणाला. “त्या स्टुलाचा पाय मोडलाय.”